शाळेने दिलेले नाव आणि सहा मिनिटांचे गाणे

सुवर्णमहोत्सवी मेळाव्यासाठी आपल्या १९७६ च्या दहावीच्या तुकडीची यादी तयार करायला आम्ही सहा-सात जण बसलो, तेव्हाची गोष्ट. नावे भराभर निघत गेली. काही वैनगंगेच्या याच काठावर राहिलेले, काही नागपूर-पुण्याला गेलेले, काही आता नसलेले. एका मित्रापाशी मात्र सगळे अडले. तो कोणत्या बाकावर बसायचा ते आठवले, त्याची सायकल आठवली, त्याचे हसणे आठवले. त्याचे नाव कोणालाच आठवेना. आठवत होते ते फक्त त्याच्या दातांवरून आपण ठेवलेले नाव. ते ठेवणाऱ्यांत मीही होतो.

त्या रात्री घरी आल्यावर मला पाचगणीच्या एका मुलाची आठवण झाली. त्यालाही वर्गमित्रांनी दातांवरूनच नाव ठेवले होते. आपण दहावीच्या वर्षात होतो, त्याच हिवाळ्यात त्याचे एक गाणे इंग्लंडमध्ये गाजत होते आणि तिथले जाणकार त्या गाण्यालाही नावे ठेवत होते. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा आग्रह होताच. म्हणून त्या मुलाचा आणि त्या गाण्याचा इतिहास मित्रांसमोर आणि गुरुजनांसमोर ठेवतो.

पाचगणीचा विद्यार्थी

फारुख बुल्सारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर झाला. घर पारशी. वडील बोमी बुल्सारा तिथल्या ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून आईवडिलांनी त्याला वयाच्या आठव्या वर्षी बोटीने मुंबईला धाडले आणि तिथून सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत घातले. हे १९५५ च्या सुमाराचे. तेव्हा पाचगणी मुंबई राज्यात होती आणि आपली पवनी मध्य प्रदेशात. तो पाचगणीत शिकत असतानाच १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. म्हणजे आपली पवनी आणि त्याची शाळा महाराष्ट्र राज्यात आली तेव्हा तो तिथलाच विद्यार्थी होता.

आईवडील समुद्रापलीकडे. सुट्टीत मुंबईला मावशीकडे आणि आजीकडे जायचे, एरवी वसतिगृह. या मुलाच्या वरच्या जबड्यात मागे चार दात जास्तीचे होते. त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले दिसत. वर्गाने त्याला 'बकी' म्हणायला सुरुवात केली. पुढे दात आलेल्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचेच हे चिडवण्याचे रूप. हसताना ओठ किंवा हात दातांवर आणायची त्याला सवय लागली आणि ती मोठेपणीही सुटली नाही.

पण त्याच वर्गाने त्याला दुसरेही एक नाव दिले. 'फारुख' म्हणण्यापेक्षा मुलांना 'फ्रेडी' म्हणणे सोपे गेले. हे नाव त्याला आवडले, मग घरच्यांनीही तेच उचलले. पुढे त्याने आडनावही बदलून घेतले आणि जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. शाळेने दोन नावे दिली. एक त्याला आयुष्यभर टोचले आणि दुसरे त्याने आयुष्यभर मिरवले. दोन्ही नावे देणारी मुले तीच होती.

शाळेने आणखीही काही दिले. पियानोकडे त्याचा ओढा आहे हे शिक्षकांच्या लक्षात आले. थोडी जादा फी भरून त्याला संगीताचे रीतसर शिक्षण द्यावे, असे मुख्याध्यापकांनी आईवडिलांना पत्राने कळवले. पालकांनी ते ऐकले आणि पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा तो पास झाला. शाळेच्या गायनवृंदात तो गात असे, नाटकात काम करत असे, टेबल टेनिस खेळत असे. बाराव्या वर्षी त्याला अष्टपैलू विद्यार्थ्याचे बक्षीसही मिळाले. रेडिओवर ऐकलेले गाणे तो लगेच पियानोवर काढून दाखवत असे, असे त्याचे सोबती सांगतात.

१९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून शाळेत एक वाद्यमेळ काढला. नाव 'द हेक्टिक्स'. त्यात ब्रूस मरे मुख्य गायक आणि फ्रेडी पियानोवर. सोबत डेरिक ब्रांच, फरंग इराणी आणि व्हिक्टरी राणा. लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड यांची त्या वेळची गाणी ही पोरे शाळेच्या कार्यक्रमात वाजवत. पुढे या पाच जणांचे काय झाले ते पाहा. डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये चित्रपट आणि दूरचित्रवाणीवर नट झाला. फरंग इराणीचे पुण्यातले सिझलरचे हॉटेल प्रसिद्ध झाले. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात सेनाधिकारी झाला आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचा प्रमुख झाला. ब्रूस मरे इंग्लंडला गेला. त्या शाळेच्या दिवाणखान्यात बसून या पाचांकडे पाहणाऱ्या कोणाला हे सांगता आले असते? मुख्य गायक तर ब्रूस होता. 'बकी' मागे पियानोवर होता.

१९६३ मध्ये फ्रेडी झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये, तिथे रक्तरंजित क्रांती झाली. बुल्सारा कुटुंबाने जमेल तेवढे सामान घेऊन इंग्लंड गाठले आणि लंडनच्या विमानतळाजवळ फेल्टम येथे बिऱ्हाड केले. फ्रेडी ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक कला शिकला. हीथ्रो विमानतळावर त्याने सामानाची हमालीही केली.

चौघांचा मेळ

१९७० मध्ये 'क्वीन' हा बँड उभा राहिला. शिक्षकांना आवडेल अशी यातली एक गोष्ट सांगतो. गिटारवादक ब्रायन मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. शाळकरी वयात त्याने वडिलांच्या मदतीने स्वतःची गिटार घरी बनवली आणि तिच्या मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. खगोलशास्त्रातले अर्धवट राहिलेले संशोधन त्याने २००७ मध्ये पुरे करून डॉक्टरेट मिळवली. जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पहिल्या वर्गातला पदवीधर. आणि ड्रमवादक रॉजर टेलर महाविद्यालयात गेला तो दंतवैद्यक शिकायला! दातांमुळे हिणवल्या गेलेल्या मुलाला सोबती मिळाला तोही दंतवैद्यकाचा विद्यार्थी. तरी फ्रेडीने ते जास्तीचे दात कधी काढून घेतले नाहीत. त्याने आवाज बिघडेल, अशी त्याला भीती होती.

१९७४ मध्ये त्यांचे एक गाणे इंग्लंडच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. तरी खिसे रिकामेच होते. व्यवस्थापनाशी झालेल्या कराराच्या भांडणात पैसा अडकला होता. पुढची तबकडी चालली नसती तर बँड मोडण्याची वेळ आली असती. अशा वेळी शहाणा माणूस सरळ, छोटे, चटकन तोंडात बसणारे गाणे काढतो. फ्रेडीने काढले 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'.

तीन मिनिटांची चौकट

'सिंगल' म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या गावात लग्नाच्या मांडवात कर्ण्यावर ज्या तबकड्या वाजत, त्यांच्यावरचा भोंग्यासमोर बसलेला कुत्रा सर्वांना आठवत असेल. ती 'हिज मास्टर्स व्हॉइस'ची खूण. ती खूण वापरणारी आपल्याकडची ग्रामोफोन कंपनी तेव्हा इंग्लंडच्या ईएमआयच्या घराण्यातली होती आणि क्वीनच्या तबकड्याही ईएमआयच काढत असे. मोठ्या तबकडीवर दहा-बारा गाणी असत. सिंगल म्हणजे सात इंची छोटी तबकडी. एका बाजूला गाजवायचे गाणे, दुसऱ्या बाजूला जोडीला एक.

गाणे तीन मिनिटांचे असावे, ही रीत आली ती जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीतून. तिच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटांहून जास्त मावतच नसे. म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयांनाही राग तेवढ्यात बसवावा लागला. आपली भावगीतेही त्याच मापाची झाली. पुढे तबकड्या बदलल्या, पण माप कायम राहिले, कारण ते रेडिओला सोयीचे होते. फ्रेडीचे गाणे पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे होते. कंपनीचे लोक म्हणाले, एवढे लांब गाणे रेडिओ लावणार नाही, कापा. बँडने सांगितले, कापणार नाही.

कापायचे तरी कुठून? या गाण्याला पालुपदच नाही. ध्रुपद नसलेले भजन कल्पून पाहा, म्हणजे कंपनीची अडचण कळेल. सुरुवातीला वाद्यांशिवाय नुसते आवाज. मग पियानोवर संथ गाणे : एक तरुण आईला सांगतो आहे की माझ्या हातून माणूस मेला. मग गिटार. मग एकदम पडदा बदलतो आणि ऑपेरा सुरू होतो. या तरुणाला सोडा आणि सोडू नका, असे ओरडणारे दोन जमाव, इटालियन नावे, मधेच 'बिस्मिल्ला'. मग धडधडणारे रॉक आणि शेवटी पुन्हा सगळे शांत.

ऑपेरा म्हणजे काय, हे आपल्या भागात समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. दिवाळीनंतर मंडई भरली की रात्रभर दंडार आणि नाटके पाहणारी आपण झाडीपट्टीची माणसे. रडवायचे, लगेच हसवायचे, मधेच गाणे घालायचे, मग तलवारी काढायच्या, हे एकाच रात्रीत चालते आणि कोणाला खटकत नाही. योगायोग पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग पुण्यात झाला तो ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची सिंगल इंग्लंडच्या दुकानांत आली ती ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी. बरोबर पंचाण्णव वर्षांनी. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण नाटकात एवढे गाणे घालून चालेल का, हा प्रश्न तिकडे, आणि गाण्यात एवढे नाटक घालून चालेल का, हा प्रश्न इकडे.

गाणे कसे विणले

ध्वनिमुद्रण २४ ऑगस्ट १९७५ रोजी वेल्समधल्या रॉकफील्ड या स्टुडिओत सुरू झाले. हा स्टुडिओ म्हणजे मूळचे एका शेतावरचे गोठे आणि खोल्या. पुढचे काम इतर काही स्टुडिओंत झाले. निर्माते होते रॉय थॉमस बेकर. मधल्या ऑपेराच्या भागालाच सुमारे तीन आठवडे लागले. एरवी तेवढ्या वेळात अख्खी तबकडी तयार होत असे.

ऐकताना वाटते की शंभर-दीडशे माणसांचा वृंद गातो आहे. गाणारे तिघेच : फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर. त्यांच्यापाशी चोवीस पट्ट्यांची ध्वनिफीत होती, म्हणजे चोवीस आवाज वेगवेगळे नोंदवता येत. तिघे एक ओळ गात, तीच पुन्हा गात, तिच्यावर दुसऱ्या उंचीचा स्वर गात. पट्ट्या भरल्या की त्या सगळ्यांचे मिश्रण एका-दोन पट्ट्यांवर उतरवून घ्यायचे, बाकीच्या मोकळ्या करायच्या आणि पुन्हा गायचे. आपल्या गावच्या हातमागावर ताण्यातून धोटा जसा परत परत जातो, तसे हे आवाज एकमेकांतून गेले. दिवसाला दहा-बारा तास गाणे चाले. आवाजाचे असे थर एकशे ऐंशीपर्यंत गेले, असे सांगतात. फीत यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजला आणि उजेडासमोर धरल्यावर ती आरपार दिसू लागली.

फ्रेडीच्या डोक्यात मात्र सगळे आधी तयार होते. हा भाग इथे येईल, एवढे सांगून तो मधली जागा मोकळी सोडायला लावी. ती कशी भरायची ते त्याला एकट्याला माहीत. बाकीचे विश्वास ठेवून गात राहिले. गाण्याचा अर्थ त्याने शेवटपर्यंत कोणाला उलगडून सांगितला नाही.

पहिला आठवडा, पहिला शेरा

कंपनी साशंक होती. तेव्हा लंडनच्या कॅपिटल रेडिओवरचा निवेदक केनी एव्हरेट याच्या हाती या गाण्याची एक प्रत पडली. लावू नकोस, असे त्याला बजावले होते. त्याने दोन दिवसांत ते चौदा वेळा लावले. सोमवारी लोक दुकानांत जाऊन विचारू लागले. गाणे अजून विक्रीला आलेच नव्हते.

मग परीक्षणे आली. इंग्लंडमध्ये तेव्हा संगीताची साप्ताहिके जोरात होती आणि त्यांच्या शब्दाला वजन होते. 'मेलडी मेकर'मध्ये अॅलन जोन्स या समीक्षकाने लिहिले, त्याचा आशय असा : एकमेकांशी न जुळणारे संगीतप्रकार चिकटवून केलेला, वरवर छाप पाडणारा हा प्रकार आहे. त्याचा आवेश पाहून लंडनच्या बाल्हम उपनगरातल्या हौशी ऑपेरा मंडळींच्या प्रयोगाची आठवण होते. आपल्या भाषेत सांगायचे तर, गणेशोत्सवात गल्लीतल्या मंडळाने 'शाकुंतल' लावावे, तसे. या रचनेचा अर्थ आपल्याला लागला नाही, पण तिच्यावरून लक्ष हटवता येत नाही आणि ती बहुधा खूप खपणार, अशी कबुलीही त्या परीक्षणात होती.

आज त्या समीक्षकाला हसणे सोपे आहे. पण त्याचे म्हणणे खोटे होते काय? गाणे तुकड्यांचे आहे, हे खरेच आहे. नाटकी आहे, हेही खरे. खूप खपेल, हे तर त्याने बरोबर ओळखले. चूक एवढीच झाली की जे दिसले तो त्याने दोष धरला. साप्ताहिकाचा समीक्षक म्हणजे टेबलावर तबकड्यांचा ढीग, प्रत्येकीला एक परिच्छेद आणि डोक्यावर छापखान्याची घाई. आपल्या गुरुजनांना हे वेगळे सांगायला नको. साठ उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासताना एखादे उत्तर नेहमीच्या साच्यात बसत नाही, तेव्हा लाल शाई चटकन चालते. ते उत्तर बिनचूक असते असे नाही, पण ते पुन्हा वाचायला वेळ नसतो.

लोकांनी मात्र पुन्हा ऐकले. १० नोव्हेंबरला ब्रूस गॉवर्स या दिग्दर्शकाने चारेक तासांत या गाण्याची चित्रफीत केली. अंधारातून उजळलेले चार चेहरे त्यातूनच पुढे सर्वांच्या ओळखीचे झाले. ही फीत गरजेतून निघाली. ऑपेराचा भाग चौघांना रंगमंचावर गाणे अशक्य होते. प्रत्यक्ष कार्यक्रमातही त्या वेळी चौघे आत निघून जात आणि ध्वनिमुद्रण वाजे. २० नोव्हेंबरला बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये फीत दाखवली गेली. दुसऱ्याच दिवशी 'अ नाइट अॅट दि ऑपेरा' ही मोठी तबकडी बाजारात आली. २९ नोव्हेंबरच्या यादीत गाणे पहिल्या क्रमांकावर होते आणि नऊ आठवडे तिथून हलले नाही. जानेवारीअखेर खप दहा लाखांच्या पुढे गेला. ते खाली आले ते 'आबा' या स्वीडिश बँडच्या 'मामा मिया'मुळे. गंमत अशी की हे दोन शब्द फ्रेडीच्या गाण्यातही येतात.

आपल्याकडचा तोच हिवाळा आठवा. आणीबाणी लागून काही महिने झाले होते. 'शोले' मोठ्या शहरांत लागला होता, आपल्यापर्यंत आल्या होत्या त्या त्याच्या गोष्टी. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. नव्या अभ्यासक्रमाच्या दहावीची ही दुसरीच तुकडी, त्यामुळे काय विचारतील याची धास्ती. आपण पूर्वपरीक्षेच्या तयारीत होतो त्या नऊ आठवड्यांत, महाराष्ट्रातल्याच एका शाळेचा विद्यार्थी इंग्लंडच्या घराघरांत वाजत होता. आपल्याला पत्ता नव्हता आणि तो इथला आहे हे तिकडेही फारशा लोकांना माहीत नव्हते. बालपणाविषयी तो जाहीरपणे क्वचितच बोले.

शेरे बदलत गेले

१९७६ मध्ये या गाण्याला आयव्हर नोव्हेलो पारितोषिक मिळाले. १९७७ मध्ये ब्रिटनच्या ध्वनिमुद्रण उद्योगाने गेल्या पंचवीस वर्षांतील सर्वोत्तम सिंगल निवडली, तेव्हा हा मान दोन गाण्यांना विभागून दिला. त्यातले एक हे. दोनच वर्षांत शेरा किती बदलला! अमेरिकेत ते १९७६ मध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेले.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडीने आपल्याला एड्स असल्याचे निवेदन काढले आणि दुसऱ्या दिवशी, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. अंत्यसंस्कार पारशी धर्मविधीने झाले. त्या काळात या रोगाचे नाव घ्यायलाही माणसे घाबरत. आजाऱ्याजवळ बसायला नातेवाईक धजत नसत, आणि हे फक्त परदेशातले नाही. त्या डिसेंबरात गाणे पुन्हा काढले, ते पुन्हा पाच आठवडे पहिले राहिले आणि त्यातून दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेली. एकच गाणे, त्याच गायकांचे, दोन वेगवेगळ्या वर्षी नाताळात पहिल्या क्रमांकावर राहिले, असे ब्रिटनमध्ये तोपर्यंत कधी झाले नव्हते. पुढच्या वर्षी एका विनोदी चित्रपटात ते आले आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर चढले. २००४ मध्ये ग्रॅमीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याची नोंद झाली. २०१८ मध्ये याच नावाचा चित्रपट आला आणि त्याला चार ऑस्कर मिळाली.

मी हे गाणे पहिल्यांदा ऐकले ते १९९२ मध्ये, नागपुरात, सहकाऱ्याच्या मुलाच्या कॅसेटवर. खरे सांगतो, आवडले नाही. "हे काय, चार गाणी एकात कोंबली आहेत," असे म्हणालो. अॅलन जोन्सचे नावही मला तेव्हा ठाऊक नव्हते, पण शेरा त्याचाच होता. पुढे केव्हातरी गायकाच्या पाचगणीच्या शाळेबद्दल वाचले, तेव्हा पुन्हा ऐकले. आईला हाक मारणारा तो आवाज ऐकताना आठव्या वर्षी बोटीत बसवलेला मुलगा डोळ्यांपुढे आला. गाण्याचा अर्थ तो आहे असे माझे म्हणणे नाही. मला ते त्या दिवशी ऐकू आले, एवढेच.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला फ्रेडीच्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात या गाण्याचे त्याने हाताने लिहिलेले कच्चे खर्डेही होते, पंधरा पाने. एका विमान कंपनीच्या कोऱ्या कागदांवर लिहिलेले. त्यातल्या एका पानावर गाण्याचे नाव आधी 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी' असे लिहिले आहे, मग पहिला शब्द खोडून 'बोहेमियन' केले आहे. ती पाने सुमारे पावणेचौदा लाख पौंडांना गेली. खाडाखोड केलेल्या वहीला एवढी किंमत येते, हे आपल्या वेळच्या निबंधाच्या तासाला कोणाला पटले नसते. मला त्यात विशेष वाटते ते हे की, पहिले नाव चुकले तर खोडता येते.

मित्रहो, आपल्या त्या मित्राचे नाव मिळाले. शाळेच्या कार्यालयात जुने हजेरीपट जपून ठेवलेले आहेत. लिपिक मॅडमनी दुपारभर शोधून १९७५-७६ चा पट काढून दिला. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, आणि पुढे वर्षभर 'ह' 'ह' 'ह'. वर्षभरात गैरहजेरी चारच दिवसांची. आपण ज्याला नावाने कधी हाक मारली नाही, तो रोज येत होता. ते टोपणनाव मी या लेखात मुद्दामच लिहिलेले नाही. त्याच्या आतेभावाकडून पत्ता मिळाला आहे, निमंत्रणपत्रिका टपालाने पाठवली आहे. पाकिटावर पूर्ण नाव घातले आहे. तो आला तर आधी त्याची क्षमा मागायची आहे. आणि मग सर्वांनी त्याला त्याच नावाने हाक मारावी, एवढीच या लेखाच्या निमित्ताने विनंती.